पाणी जोखणे

टाकी शुक्रवारी आली, ट्रकच्या पाठीवर आडवी बांधलेली,
निळी, दोन हजार लिटरची,
पोटावर खाणीचं नाव.
उतरवून घ्यायला आम्ही सहाजण, मी सगळ्यांत पुढे.
खाणीचाच माणूस ना मी. गाळाच्या पंपावर, अकरा वर्षं.

पाळक चिसांगांनी पावतीवर सही केली
आणि कुणाकडेही न बघता म्हणाले,
बाप्तिस्मा रविवारी इथेच. आवारात, आंब्याखाली.
नदीचं नाव घेतलं नाही त्यांनी.

घ्यायची गरजही नव्हती.
मागच्या खेपेला चौदा जण डोहात बुडून वर आले,
नवे होऊन,
आणि बुधवारी चौदाही जण दवाखान्याच्या बाकावर, अंग खाजवत.
त्याआधी मासे गेले. मग काठाचा मका करपला.
पाण्याला मात्र मोरचुदाचा रंग चढला होता,
इतका देखणा,
की पहिल्या दिवशी पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी पांढऱ्या झग्यांची रांग लागली.
माझी कासुबा तिसरी. सगळ्यांत पुढे बाना चोला,
म्हणजे चोलाची आई. चोला आता नाही, नाव उरलंय.
वय एकाहत्तर. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.
मडकं घेताना वाजवून बघतात,
तशी तिने टाकी वाजवली.
विचारलं, हे पाणी पुढे कुठे जातं?
कुठेच नाही, आई, पाळक म्हणाले, टाकीतलं पाणी ते.
मग माझं पाप कुठे जाईल?

कोंबडी ओरडली कुठेतरी. बाकी आवाज नाही.

इथेच तळाला बसेल की, ती म्हणाली,
आणि माझ्या पोरीने उद्या त्यातच उतरायचं?
तिने तिवई ओढली, आंब्याला टेकून बसली.
मी थांबते, म्हणाली. नदी बरी होईपर्यंत.
रांगेतून कासुबा निघाली आणि तिच्या पायाशी जाऊन बसली.
माझ्याकडे तिने बघितलं नाही.

त्या रात्री वडीलजनांची बैठक.
आपण आत्म्याचं बघावं, एकजण म्हणाला,
नदीचं बघायला सरकार आहे.
न्कांडू सुतार सहसा बोलत नाही.
म्हणाला, मला सुतार म्हणून मान देता,
मी केलेल्या बाकांचं सरपण करता,
आणि वर विचारता, न्कांडू, रागावलास का?

मग मी बोललो.
कोणत्या रात्री कोणती झडप उघडते ते,
कुणाचा फोन येतो, पावसाची वाट का बघतात.
झडपेची मूठ कशी गार लागते हाताला.
अकरा वर्षं दर रविवारी आम्ही तारण मागत होतो
आणि सोमवारी नदीच तारण ठेवून पगार उचलत होतो.
आम्ही म्हणजे मी.
पाळकांनी बराच वेळ चष्मा पुसला.
म्हणाले, मला पाळक म्हणतात. मी काय पाळलं?

आता उपासना संपली की मंडळी उतारावरून खाली जाते,
म्हातारी, लेकुरवाळी, ढोलकवाला पोरगा,
हातात बाटल्या.
कासुबा कागदाची पट्टी बुडवते, रंग वाचते,
अर्पणाच्या वहीत पैशांच्या रकान्याशेजारी लिहून ठेवते.
वहीची प्रत जिल्ह्याला जाते. उत्तर आलेलं नाही.
टाकीचं पाणी रोपांना घालतो.
खाणीचं नाव भिंतीकडे फिरवून ठेवलंय.

मला पंपावरून काढलं.
जुने सोबती पाण्यात पाहतात मला.
मीही पाहतो. बाटली उन्हात धरली
की त्या निळसर चमकीत पहिल्यांदा माझंच तोंड दिसतं.

काठावर बाना चोला तिवईवर बसलेली असते.
दर रविवारी विचारते, आज?
कासुबा पट्टी वाचते.
अजून नाही, आजी.
ती डोक्याचं फडकं सोडते, घडी घालते,
पुढच्या रविवारसाठी.